प्रत्येक वेळी तीच होती

१

मोठे सर कोसळले तेव्हा त्यांच्या पुढ्यात त्यांनीच लिहायला घेतलेला एक प्रश्न पडला होता. ‘ज्या कारखान्यांत सुरक्षेच्या पाट्या जास्त, तिथे अपघातही जास्त. म्हणजे पाट्यांमुळे अपघात होतात. या युक्तिवादातली त्रुटी कोणती?’ तिसऱ्या पर्यायापाशी पेन घसरलं होतं आणि शाईची रेघ टेबलाच्या कडेपर्यंत ओढली गेली होती. शेजारी कॉफीचा रिकामा कप. सर खुर्चीतच एका अंगाला कलले होते आणि शर्ट घामानं चिंब झाला होता.

सिस्टरनं त्यांच्या गालाच्या आतून साखर चोळली. डॉक्टर धावत आले, सुई टोचली. थोड्या वेळानं सरांनी डोळे उघडले आणि पहिलंच विचारलं, “आज ती आली होती?”

“आली होती,” सिस्टर म्हणाली. “आत्ताच गेली.”

सरांनी डोळे पुन्हा मिटून घेतले.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. गेले काही महिने सरांची साखर मधूनच अशी धाडकन खाली जायची. मधुमेह जुना, वय झालेलं, त्यामुळे आधी कुणी फार मनावर घेतलं नाही. या खेपेला मात्र डॉक्टरांनी रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं, आणि त्यात साखर उतरवणाऱ्या एका गोळीचा अंश निघाला. ती गोळी त्यांनी सरांना कधीही लिहून दिलेली नव्हती.

“कुणीतरी तुम्हाला ती चारतंय, सर,” डॉक्टरांनी दार लावून घेऊन सांगितलं. “मला पोलिसांना कळवावं लागेल.”

“कळवायचं नाही.”

“का?”

“कारण कोण ते मला माहीत आहे,” सर भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “माझी मुलगी.”

२

परीक्षा मंडळात बाईंना सगळे खोडरबर म्हणत. प्रवेश परीक्षांसाठी येणारा प्रत्येक तर्काचा प्रश्न आधी त्यांच्या टेबलावरून जायचा आणि बहुतेक प्रश्नांचा तिथेच निकाल लागायचा. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातातली लाल पेन्सिल गेली, नजर मात्र गेली नाही. लोक मूर्ख असतात याबद्दल बाईंची तक्रार नव्हती. शिकलेले लोक मूर्ख असतात आणि वर त्याची फी घेतात, याबद्दल होती.

डॉक्टर त्यांच्याकडे आले ते हात जोडूनच. “मी शनिवारपर्यंत थांबतो, बाई. त्यापुढे मला थांबता येणार नाही. सर तुम्हाला मानतात. तुमच्याइतके त्यांचे प्रश्न कुणीच परत पाठवले नाहीत.”

“ज्या माणसानं आयुष्यभर ‘सोबत घडलं म्हणून त्याच्यामुळे घडलं असं नाही’ हे शिकवलं, तो म्हणतो मुलीनं विष घातलं. पुरावा?”

“प्रत्येक वेळी ती होती म्हणे.”

बाईंनी चष्मा पुसला. त्यांच्या तोंडावर कुजलेलं काही हुंगल्यासारखा भाव आला. “चला,” त्या म्हणाल्या.

सरांचा क्लास म्हणजे दुमजली इमारत होती. खाली शिकवण्याचे दोन हॉल, शिक्षकांची खोली, कारभार बघणाऱ्या काकांचं ऑफिस आणि त्याला लागून एक छोटीशी पॅन्ट्री; वर सरांचं राहतं घर. बाहेरच्या जाहिरातीच्या फलकावर सरांचा फोटो टपाल तिकिटाएवढा होता. त्याच्या शेजारी क्लासात तर्क शिकवणाऱ्या लॉजिकवाल्या सरांचं तोंड खिडकीएवढं. प्रत्यक्षात ते तोंड तेवढंच मोठं होतं, फक्त त्यावर जेल लावलेले केस अधिक.

लॉजिकवाल्यांनी लॅपटॉप उघडून बाईंच्या पुढे सरकवला. पडद्यावर एक सुबक तक्ता होता. लाल ठिपके म्हणजे सरांचे झटके, निळे म्हणजे मुलीच्या भेटी. प्रत्येक लाल ठिपक्याच्या डोक्यावर एक निळा ठिपका बसलेला.

“मी रोज मुलांना सांगतो, मॅडम, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे,” ते घसा साफ करून म्हणाले. “पण हे पाहिल्यावर...”

त्या ‘पण’वर त्यांचं सगळं शिक्षण वाहून गेलेलं बाईंना स्वच्छ दिसलं.

“ती आली आणि सरांना काहीच झालं नाही, असे दिवस यात कुठे आहेत?”

“ते घेतले नाहीत. आपण झटक्यांचा अभ्यास करतोय ना.”

“अस्सं. आणि ती कुठल्या दिवशी आली हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काकांनी. त्यांच्याकडे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असतं.”

“तुम्ही स्वतः काही पडताळलंत?”

लॉजिकवाल्यांनी बाईंकडे असं पाहिलं, की जणू त्यांना कुणी विटा वाहायला सांगितलं होतं.

“या तक्त्यावर मी छताच्या पंख्यालाही फाशी देऊ शकते,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक झटक्याला तोही हजर होता. सिस्टर होती. आणि दुपारची कॉफी वर कोण नेतं?”

लॉजिकवाल्यांचा चेहरा उतरला. “मीच. प्रश्न दाखवायला जातो तेव्हा कप घेऊन जातो. पण त्याचा इथे काय...”

“सरांनी क्लास बंद करायचं ठरवलंय, असं ऐकलं.”

“या परीक्षेनंतर. खालच्या हॉलमध्ये मुलीचा जनावरांचा दवाखाना करणार आहेत.” त्यांचा आवाज एकदम कडू झाला. “जिथे मी तर्क शिकवला तिथे उद्या कुत्री ओरडणार.”

फारसा फरक पडणार नाही, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गुन्हेगार हाच निघावा अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. कप त्याच्या हातात, राग त्याच्या पोटात. पण तो आवडत नाही म्हणून तो दोषी, हा युक्तिवाद तर त्याच्या तक्त्याहूनही गचाळ होता. बाईंना स्वतःचीच शिसारी आली आणि त्या काकांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

३

काका म्हणजे सरांचे धाकटे भाऊ. क्लास चालायचा सरांच्या नावावर आणि काकांच्या पाठीवर. दिवे, पंखे, बाकं, पालकांची भांडणं, सगळं काका बघत. बोलणं मऊ, हात सतत कशाला तरी पुसत असलेले. बाई आत आल्या तेव्हा ते पॅन्ट्रीत उभे राहून कॉफी ढवळत होते.

“दादाची कॉफी मीच करतो,” ते म्हणाले. “बिनसाखरेची. मशीनची त्याला चालत नाही. तुम्हाला देऊ? तीच आहे. मीही तीच पितो, आमच्या घराण्यातलाच रोग तो.”

“मला साखर चालते,” बाई म्हणाल्या. “पुतणीबद्दल सांगा.”

काकांनी कप अलगद खाली ठेवला. “काय सांगू? आम्ही तिला अंगाखांद्यावर खेळवलं. नंतर क्लास सांभाळायचा सोडून ती जनावरांच्या मागे गेली. दादानं कितीतरी वर्षं तिचं नाव काढलं नाही. आता तो आजारी पडल्यावर प्रेम उतू चाललंय. मागच्या गल्लीतून येते, बाहेरच्या जिन्यानं थेट वर जाते. काकाला नमस्कार नाही की चमत्कार नाही.”

“म्हणजे ती आल्याचं तुम्हाला कळतच नाही.”

“कळतं की.” काकांनी टेबलावरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्याच्या एका चौकोनात पुढचं फाटक, दुसऱ्यात हॉलचं दार, तिसऱ्यात मागची पत्र्याची शेड आणि तिच्याखालच्या गाड्या. “ती निळी स्कूटर शेडखाली दिसली, की माझं कामात लक्ष लागत नाही. आज काय होणार, या काळजीनं.”

“मग भावाला सावध केलं नाहीत?”

“आधी लक्षातच आलं नाही. लॉजिक सरांनी तक्ता केला तेव्हा डोळे उघडले. खोटं कशाला बोलू, रडलो मी.”

“सगळ्यात वाईट झटका कधीचा?”

“मार्चमधला,” काका लगेच म्हणाले. “मी चार दिवस बाहेरगावी होतो. सकाळी परत आलो, आणि संध्याकाळी दादा असा पडला, की वाटलं संपलं सगळं. डॉक्टर होते म्हणून वाचला.”

“त्या दिवशी ती आली होती?”

“होती की. दिवसभर होती.” काकांनी रुमालानं डोळे टिपले. “त्या दिवशी तर ती हललीच नाही.”

४

सिस्टर वरच्या मजल्यावर बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिला बाईंचा धाक वाटत नव्हता, किंबहुना तिला कुणाचाच वाटत नव्हता. सरांची सेवा ती चोख करायची आणि उरलेल्या वेळात सगळ्यांबद्दल वाईट बोलायची.

“ताईच देतात,” ती चिमटा दातात धरून म्हणाली. “दुसरं कोण देणार? एवढा तक्ता काढलाय त्या सरांनी.”

“तू तक्ता पाहिलास?”

“मला दाखवला त्यांनी. लाल-निळा आहे.”

“बरं, मार्चमधला तो मोठा झटका आठवतो?”

“न आठवायला काय झालं? सरांना उचलताना माझी कंबर गेली. आधीच त्या स्कूटरनं वैताग आणला होता. मागच्या नळाच्या पुढ्यातच बंद पडलेली. मला बादली आडवी धरून न्यावी लागायची.”

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “बंद पडलेली?”

“ताईंची. आदल्या संध्याकाळी सुरूच होईना. मग त्या ती तशीच टाकून घरी गेल्या. दोन दिवस तिथेच होती, नंतर गॅरेजवाला ढकलत घेऊन गेला.”

“मग झटक्याच्या दिवशी ताई इथे कशा?”

“त्या दिवशी ताई नव्हत्याच.”

“तक्त्यात तर निळा ठिपका आहे.”

सिस्टरनं खांदे उडवले. “मला कुणी विचारलं? आणि नसल्या म्हणून काय झालं? आदल्या दिवशी काहीतरी ठेवून गेल्या असतील.”

“कशात?”

“ते मला काय माहीत.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. असल्यावर दोष तिचा, नसल्यावरही तिचाच. या घरात दोष पोरीला असा चिकटला होता, की पुरावा उलट निघाला तरी तो जागचा हलत नव्हता.

सर आत पलंगावर बसून होते. बाईंनी त्यांना सरळ विचारलं, “मार्चच्या झटक्याच्या दिवशी मुलगी आली होती का?”

“आली असेल. त्या दिवसांचं मला काही आठवत नाही. सगळं धुक्यात गेल्यासारखं होतं.” त्यांनी क्षणभर थांबून विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, बाई?”

“मला काही वाटत नसतं. तुमचं हे उत्तर मंडळात आलं असतं तर मी शून्य दिलं असतं.”

५

लेकीचा दवाखाना एका अरुंद रस्त्यावर, छपाईच्या कारखान्याच्या शेजारी होता. आत टेबलावर एक म्हातारं कुत्रं पडलं होतं आणि ती त्याच्या पंजाला पट्टी बांधत होती. वय चाळिशीचं, केस डोक्याला बांधलेल्या रुमालात खोचलेले. बाईंना तिनं मानेनंच बसायला सांगितलं.

बाई बसल्या ती जागा औषधांच्या कपाटासमोरच होती. काचेतून वरच्या खणात मधुमेहाचं औषध दिसत होतं.

“हे माणसांचं?”

“कुत्र्यांनाही होतो. इंजेक्शनं आहेत ती.”

“गोळ्या ठेवता?”

“कुत्र्यांना गोळ्या लागू पडत नाहीत. का विचारताय?”

बाईंनी सगळं सांगितलं. गोळीचं, तक्त्याचं, कोण काय म्हणतं त्याचं. त्या बोलत असताना लेकीचे हात एकदाही थांबले नाहीत. शेवटी तिनं पट्टीचं टोक खोचलं आणि विचारलं, “बाबांना असं वाटतं? त्यांनी स्वतः सांगितलं?”

“हो.”

कुत्र्याला उचलून तिनं खाली ठेवलं आणि बराच वेळ हात धूत राहिली.

“स्कूटर बंद पडली त्या संध्याकाळी घरी कशी गेलात?” बाईंनी विचारलं.

“लॉजिक सरांनी गाडीतून सोडलं. वाटेत गॅरेजवाल्याचा नंबर त्यांनीच दिला.”

“म्हणजे स्कूटर बंद आहे आणि तुम्ही घरी आहात, हे त्यांना माहीत होतं.”

“अर्थात. नंतर त्या गॅरेजवाल्यानं पार्ट मिळत नाही म्हणून गाडी अडकवून ठेवली. एप्रिल जवळजवळ सगळा मी बसनंच जात होते.”

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. “एप्रिलमध्ये गेला होतात तुम्ही? वरचेवर?”

“आधीपेक्षा जास्तच. मार्चनंतर मला भीती वाटायला लागली होती.”

एप्रिलमध्ये सरांना एकही झटका आला नव्हता. लॉजिकवाल्यांच्या सुबक तक्त्यात तो महिना कोरा होता, आणि कोरा म्हणूनच त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

“मला दोन दिवस तुमची स्कूटर लागेल,” बाई म्हणाल्या.

“तुम्हाला चालवता येते?”

“चालवायची नाहीये. नुसती उभी करायची आहे.”

६

गुरुवारी सकाळी, क्लास उघडायच्या आत, डॉक्टरांनी निळी स्कूटर मागच्या शेडखाली आणून ठेवली आणि ते रिक्षानं परत गेले. लेक दिवसभर आपल्या दवाखान्यातच राहिली.

दुपारी बाई पॅन्ट्रीच्या दारात उभ्या होत्या. काका कप घेऊन बाहेर आले. लॉजिकवाले हातात कागद सावरत जिन्याकडे निघाले होते.

“द्या इकडे, मी वर निघालेच आहे,” बाईंनी काकांच्या हातून कप घेतला. जिन्याच्या वळणावर त्यांनी ती कॉफी पिशवीतल्या बाटलीत ओतली आणि थर्मासमधली घरची कॉफी कपात भरली. सरांनी ती पिऊन तोंड वाकडं केलं. “आज बिघडलीय,” ते म्हणाले.

“बिघडली नाही, निराळी आहे,” बाई म्हणाल्या. संध्याकाळी सर ठणठणीत होते.

शुक्रवारी स्कूटर तिथे नव्हती. लेक बसनं आली, मागच्या जिन्यानं वर गेली आणि दुपारभर वडिलांशेजारी बसली. बाईंनी कालच्यासारखाच काकांच्या हातून कप घेतला, दुसरी बाटली भरली. काका हसून म्हणाले, “तुम्हाला आता इथे नोकरीच देऊन टाकतो.”

दोन्ही बाटल्या डॉक्टरांच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत गेल्या. शनिवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या आवाजातला थकवा बाईंना ऐकू येत होता.

“एकीत गोळी निघाली, बाई. एकीत नाही.”

“कुठलीत, ते मला सांगू नका,” बाई म्हणाल्या. “मी तुम्हाला सांगते.”

७

सरांच्या खोलीत सगळे जमले. सर पलंगावर, लेक खिडकीपाशी, सिस्टर दारात, लॉजिकवाले लॅपटॉप मांडीवर घेऊन. काका सर्वांसाठी खुर्च्या आणत होते.

“बसा, काका,” बाई म्हणाल्या. “खुर्च्या पुरेत.”

मग त्या सरांकडे वळल्या. “या घरात एक विधान फिरतंय. मुलगी येते तेव्हा सर पडतात, म्हणून मुलीमुळे पडतात. तुम्ही असा प्रश्न काढला असता तर पर्यायांत काय लिहिलं असतं?”

सर कसेबसे म्हणाले, “कारण नसताना परिणाम झाला का, ते बघावं. कारण असताना परिणाम झाला नाही का, तेही बघावं.”

“शाबास. आणि हे तुमच्या घरात कुणीही बघितलं नाही. बघायला फक्त तोंड उघडून विचारावं लागत होतं.” बाईंनी लॉजिकवाल्यांकडे पाहिलं. “मार्चमधल्या सगळ्यात मोठ्या झटक्याच्या दिवशी मुलगी इथे नव्हती. आदल्या संध्याकाळी तुम्हीच तिला घरी सोडलंत. तरी तुमच्या तक्त्यात निळा ठिपका आहे.”

लॉजिकवाल्यांनी लॅपटॉप हळूच बंद केला.

“मुलगी नव्हती, तरी झटका आला. एप्रिलभर ती बसनं येत होती, वरचेवर कपाशेजारी बसत होती. एकही झटका आला नाही. मग मार्चमध्ये काय होतं जे एप्रिलमध्ये नव्हतं? मुलगी नव्हे. स्कूटर. मार्चमध्ये ती मागे बंद पडून उभी होती आणि एप्रिलमध्ये गॅरेजात होती. झटके मुलीच्या मागे नव्हते, स्कूटरच्या मागे होते.”

“स्कूटर काय कॉफीत गोळ्या घालते?” सिस्टर पुटपुटली.

“स्कूटर बघून कुणीतरी घालतं. मुलगी आलीय असं वाटलं, की घालतं. पण आलीय की नाही हे प्रत्यक्ष त्याला कळत नाही. सिस्टर वरच असते, तिला कळतं. लॉजिक सर कप घेऊन वर येतात, त्यांनाही कळतं. शिवाय स्कूटर बंद होती हे त्यांना माहीतच होतं. त्यांच्यापैकी कुणी असता तर मार्चमध्ये थांबला असता आणि एप्रिलमध्ये थांबला नसता. स्कूटर दिसते पण माणूस दिसत नाही, अशी जागा या इमारतीत एकच आहे. ऑफिसातला पडदा.”

काका रुमालानं हात पुसत होते.

“तुम्ही बाहेरगावाहून त्याच सकाळी परत आला होतात,” बाई त्यांना म्हणाल्या. “स्कूटर बंद पडल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मला म्हणालात, ती दिवसभर हललीच नाही. खरंच हलली नव्हती. स्कूटर. गुरुवारी मी तीच स्कूटर मुद्दाम उभी केली, मुलगी इथे नसताना. काल मुलगी आणली, स्कूटर नसताना. दोन्ही कप मी तुमच्याच हातून घेतले. गोळी गुरुवारच्या कपात आहे, डॉक्टर.”

“गुरुवारच्याच,” डॉक्टर म्हणाले. “आणि काका, तुम्ही घेता तीच गोळी आहे.”

मग काका भावाकडे बघत म्हणाले, “मारायचं नव्हतं, दादा. मारायचं असतं तर इतक्यांदा कशाला? सिस्टर होती, साखर होती. तू फक्त तिला घराबाहेर काढावंस, एवढंच हवं होतं. सगळा क्लास मी उभा केला, आणि तू जेवता जेवता सांगतोस की खाली जनावरं येणार.” त्यांचा आवाज फुटला. “माझं काय करणार होतास, हे एकदा तरी विचारलंस?”

“आणि मार्चमध्ये?” डॉक्टरांनी विचारलं. “तेव्हा सर शुद्धीवर आलेच नसते तर?”

काका रुमालाची घडी घालत राहिले.

बाईंना त्यांची कीव आली नाही. भावाचा जीव पणाला लावून हा माणूस एक खोटा निष्कर्ष तयार करत होता, आणि तर्क शिकवणाऱ्या घरानं तो जसाच्या तसा गिळला होता. त्याला हुशार म्हणण्यासारखं काही नव्हतं. गिऱ्हाईकच तसं होतं.

“पोलीस खाली आले आहेत,” डॉक्टर म्हणाले. “आज शनिवार आहे, सर. आता हे तुमच्या हातात नाही.”

काका उठले. जाताना त्यांनी सवयीनं खोलीतला पंखा बारीक केला.

८

खाली गाडी निघून गेली. लॉजिकवाले कुणाच्या नजरेला नजर न देता निघून गेले. नंतर त्यांनी हीच हकिगत वर्गात उदाहरण म्हणून सांगितल्याचं बाईंच्या कानावर आलं, आणि त्यात स्कूटर त्यांनीच ओळखली होती.

खोलीत सर, लेक आणि बाई उरल्या. सिस्टरनं फळांची ताटली आणून ठेवली आणि ती दार ओढून गेली.

“माझं चुकलं,” सर म्हणाले. “मी तुला विचारायला हवं होतं.”

“हो,” लेक म्हणाली.

ती त्यांच्याजवळ बसली. ताटलीतलं एक संत्रं उचलून सावकाश सोलू लागली. साल काढली, वरचे पांढरे धागे काढले, फोडी सुट्या केल्या. एक स्वतःच्या तोंडात टाकली, एक वडिलांच्या हातावर ठेवली.

सरांनी फोड बोटांत धरली. लेकीकडे पाहिलं, मग फोडीकडे. आता सगळं सिद्ध झालं होतं, त्यांच्याच नियमांनी, त्यांच्याच तोंडून. तरी त्यांचा हात ओठांपर्यंत जायला जरा वेळ लागला. अगदी थोडा. बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

सरांनी फोड खाल्ली. “गोड आहे,” ते घाईघाईनं म्हणाले.

“आंबट आहे, बाबा,” लेक म्हणाली. “म्हणून तर मी आधी खाल्ली.”

ते खरं होतं की नाही, हे बाईंना सांगता आलं नसतं. तिनं दुसरी फोड काढली, पुन्हा आधी स्वतः अर्धी खाल्ली आणि उरलेली त्यांच्यापुढे धरली. सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी ती घेतली. संत्रं संपेपर्यंत दोघं तसेच खात राहिले.